नावं ठेवणारे हवेतच

प्रश्न : ताई, दापोली तालुक्यात कर्द्याच्या किनाऱ्याजवळ आम्ही नवरा-बायको घरगुती निवास चालवतो. चार खोल्या आहेत, स्वयंपाक मी स्वतः करते. भाच्याने वेबसाइट करून दिली त्याला दोन वर्षं झाली. पण 'कर्दे होमस्टे' किंवा 'दापोली घरगुती जेवण' असं गूगलवर टाकलं तर आम्ही कुठेच नाही. पाहुणे खूश असतात, व्हॉट्सॲपवर भरभरून लिहितात. पुण्याच्या एका पाहुण्याने तर आपल्या प्रवासाच्या पानावर आमच्याबद्दल लिहिलंय. आता एकजण फोन करून मागे लागलाय, पाच हजारांत पाचशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटींवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका, देतो, महिन्यात पहिल्या पानावर याल म्हणतो. घ्याव्यात का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : नका घेऊ. पाच हजारांत चार खोल्यांचे पडदे होतील.

तुम्ही कळवलेला पत्ता उघडून पाहिला. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'निसर्गाच्या कुशीत स्वर्गीय अनुभूती'. खाली नारळ, सूर्यास्त, सोलकढी. 'कर्दे' हा शब्द एकदाच आहे, तोही व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोत. आता मला सांगा, कर्द्याला येणारं कुठलं कुटुंब गूगलवर 'स्वर्गीय अनुभूती' शोधतं?

मी सव्वीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात काउंटरवर काढली. कार्डावर पुस्तकाचं नाव, लेखक, वर्गांक, सगळं शिस्तीत. पण तसं मागणारे थोडे. 'ते आजारी बाईचं द्या', 'मागच्या वेळी पाटलांनी नेलेलं जाड', 'पिवळ्या कव्हरचं लोणच्यांचं'. माझ्या खणात एक दोनशे पानी वही होती. तिच्यात मी वाचक पुस्तकाला काय म्हणतात ते लिहून ठेवायचे आणि पुढे कपाटाचा नंबर. तपासणीला आलेले साहेब ती वही पाहून हसले होते. पण पुस्तक त्या वहीतून सापडायचं.

सर्च इंजिनाने तीच वही धरली. 1998 च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला वेबविषयीची परिषद भरली होती. तिथे स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल या आपल्या नव्या इंजिनावर निबंध मांडला. तोवरची बहुतेक इंजिनं पानावरचे शब्द मोजायची, म्हणजे पान स्वतःबद्दल काय बोलतं तेवढंच ऐकायची. या दोघांनी शेजाऱ्यांना विचारायला सुरुवात केली. कोणाकोणाच्या पानावरून तुमच्याकडे लिंक येते आणि त्या लिंकवर कोणते शब्द लिहिलेत, हे दोन्ही पाहायचं. या शब्दांना अँकर टेक्स्ट म्हणतात. खुबी अशी की हे शब्द ज्या पानावर लिहिलेत त्याच्या खात्यावर तर जातातच, शिवाय लिंक जिथे पोचते त्या पानाच्या खात्यावरही जमा होतात. त्यांनी गोळा केलेल्या 2 कोटी 40 लाख पानांतून अशा 25 कोटी 90 लाखांहून जास्त लिंकांचे शब्द त्यांनी नोंदले होते. कल्पना अगदी त्यांचीच नव्हती. वर्ल्ड वाइड वेब वर्म नावाच्या आधीच्या इंजिनाने ती वापरली होती, हे निबंधातच लिहिलंय.

लिंकांची किंमतही सारखी नसते. ज्या पानाकडे पुष्कळजण बोट दाखवतात त्याच्या बोटाला वजन जास्त, आणि त्या पानाने शंभर ठिकाणी बोटं दाखवली तर ते वजन शंभरांत वाटलं जातं. एकच पेढा, शंभर तुकडे. आम्हा ग्रंथालयवाल्यांना यात फारसं नवल वाटलं नाही. कोणत्या शोधनिबंधाचा आधार कोणी घेतला याची सूची अमेरिकेतले यूजीन गारफील्ड 1964 पासून छापत होते आणि तिच्यावरून निबंधांचं वजन ठरवणं चालूच होतं.

पेज आणि ब्रिन यांच्याच सुमाराला जॉन क्लाइनबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी एक साधं उदाहरण दिलं, ते तुमच्यासाठीच दिल्यासारखं आहे. मोटारी बनवणाऱ्या कंपन्या शोधायच्या तर 'होंडा' किंवा 'टोयोटा'च्या मुख्य पानावर 'मोटार उत्पादक' हे शब्द असतीलच असं नाही. स्वतःला तसं कोण म्हणवून घेतं? ते दुसरे म्हणतात. अंजर्ल्याचा गणपती 'कड्यावरचा' झाला तो काय देवाने पाटी लावून? तुम्हाला 'कर्द्याचं घरगुती जेवणाचं ठिकाण' म्हणणारे दुसरे कोणी हवेत. नावं ठेवणारे हवेत, चांगल्या अर्थाने.

दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव किती जोरात चिकटतं याचा किस्सा अमेरिकेतला आहे. 2003 मध्ये काही लोकांनी ठरवून आपापल्या पानांवर 'मिझरेबल फेल्युअर', म्हणजे 'दारुण अपयश', असे शब्द लिहून त्यांवर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसमधल्या परिचयाची लिंक दिली. गूगलवर ते शब्द टाकले की बुशसाहेब पहिले. त्यांच्या परिचयात हे शब्द असणं शक्यच नव्हतं. गूगलने 2007 च्या जानेवारीत अशा ठरवून केलेल्या उद्योगांवर उपाय केला. दुसरा किस्सा कमी चावट आहे. कित्येक वर्षं 'क्लिक हिअर' शोधलं की पीडीएफ वाचण्यासाठीचं अडोबीचं रीडर उतरवून घेण्याचं पान वर यायचं, कारण जगभरच्या लोकांनी 'ते हवं असेल तर इथे क्लिक करा' एवढंच लिहून ठेवलं होतं.

आता तुमच्या त्या पुण्याच्या पाहुण्याकडे वळते. कुटुंबासोबत राहून गेला, आपल्या प्रवासाच्या पानावर तुमच्या उकडीच्या मोदकांवर दोन परिच्छेद लिहिले, आणि शेवटी लिंक दिली ती 'अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा' या शब्दांवर. लिंकच्या आजूबाजूची वाक्यंही इंजिन बघतं, त्यामुळे अगदी वाया गेली असं नाही. पण त्याला फोन करा आणि 'कर्द्याला आम्ही ज्यांच्याकडे राहिलो ते घर' अशा त्याच्याच कुठल्यातरी शब्दांवर लिंक द्यायला सांगा. शब्द तुम्ही पढवू नका.

का, ते सांगते. वाचनालयात एकदा वेळ बदलण्यासाठी साठ सह्यांचं निवेदन आलं होतं. साठही सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या. अध्यक्षांनी ते दुमडून चहाच्या कपाखाली ठेवलं. पाचशे अनोळखी पानांवरून 'बेस्ट होमस्टे इन दापोली' हेच शब्द, हीच लिंक, एकाच आठवड्यात आली तर इंजिनाला दुसरं काय दिसणार? 2012 च्या एप्रिलमध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला तो अशांसाठीच. माझंही बोट त्यात भाजलं. त्याआधी एका ओळखीच्यांच्या मसाल्यांच्या साइटवर मी 'आमचे मित्र' असं पान करून चाळीसेक साइटींशी लिंकांची देवाणघेवाण केली होती. त्यात एक टायरवाले होते, एक ज्योतिषी. साइट आधी खरोखर वर गेली, मी पेढे खाल्ले. नंतर जी खाली गेली ती ते पान काढून टाकल्यावरही बरेच महिने वर आली नाही. मसालेवाल्या काकू अजून भेटल्या की विचारतात, 'तुझे मित्र कसे आहेत?'

हल्ली अशा विकतच्या लिंकांबद्दल शिक्षा होण्यापेक्षा त्या नुसत्या मोजल्याच जात नाहीत, हे जास्त घडतं. म्हणजे पाच हजार पाण्यात. आणि लिंकांचा पूर्वीचा रुबाबही उतरलाय, हे गूगलची माणसं स्वतःच सांगतात. आज इतरही पुष्कळ गोष्टी मोजल्या जातात.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे, ती उद्याच करा. तुमच्या साइटवर आतल्या आत सात ठिकाणी 'अधिक वाचा' आहे. ते काढून 'समुद्राकडची खोली', 'मांसाहारी थाळी', 'दापोली एसटी स्टँडहून कर्द्याला कसं यायचं' असं लिहा. आतल्या लिंकांचे शब्दही वाचले जातात, आणि तिथे पढवायला हरकत नाही, घर तुमचंच आहे. अंध माणसाला फोन पानावरच्या लिंका एकामागून एक वाचून दाखवू शकतो. 'अधिक वाचा, अधिक वाचा' ऐकून त्याला काय समजणार? जिथे फोटोच लिंक आहे तिथे भाच्याला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोमागे लिहायचं वर्णन, भरायला सांगा, लिंकचे शब्द म्हणून तेच धरले जातात.

राहिलं व्हॉट्सॲप. तिथल्या कौतुकाचा इंजिनाला पत्ता नाही, कारण खासगी गप्पांत त्याला शिरता येत नाही. त्याच पाहुण्यांना गूगल मॅपवर दोन ओळी लिहायला सांगा. नकाशाचा हिशेब थोडा वेगळा असतो आणि चार खोल्यांच्या धंद्याला तोच आधी उपयोगी पडतो. जमलं तर हर्णैच्या मासळी लिलावात घासाघीस कशी करायची यावर एक पान लिहा. तुम्ही तिथे जात असणारच. असं पान लोक आपणहून दुसऱ्यांना दाखवतात.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या त्रैमासिकाचे जुने अंक 2003 पासून साइटवर आहेत. उघडले की मराठी नीट दिसते, पण लेखकाचे नाव शोधले तर एकही लेख येत नाही. असे का? (कार्यवाह, नागपूर)

उत्तर : अंकातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर रोग कळला. त्या काळी आपण सगळे असेच फाँट वापरायचो, ज्यांत आत इंग्रजी अक्षर आणि वर मराठीचा मुखवटा. माणूस मुखवटा वाचतो, इंजिन आतलं वाचतं.

खरा इलाज म्हणजे सगळं युनिकोडमध्ये आणणं, ज्यात मराठी अक्षर आतूनही मराठीच असतं. रूपांतर झाल्यावर 'दुसऱ्या'तला ऱ्य आणि 'ॲ' डोळ्यांखालून घाला. ही अक्षरं दोन तऱ्हांनी टाइप होतात, दिसायला सारखीच पण संगणकाच्या लेखी वेगळी. पण वीस वर्षांचे अंक एका उन्हाळ्यात होणार नाहीत. तोवर एक करा : युनिकोडमध्ये एक सूचीपान बनवा. लेखाचं पूर्ण नाव, लेखकाचं नाव, अंक, आणि त्या शब्दांवरच लेखाची लिंक. जे पान इंजिनाला वाचताच येत नाही, फोटो असो की असा मुखवट्याचा लेख, त्याच्याबद्दल लिंकचे शब्दच बोलतात. ब्रिस्बेनच्या निबंधातही हा फायदा सांगितलेला होता. सूची करायला एखादी निवृत्त ग्रंथपाल गाठा. आम्ही रिकाम्याच असतो.

प्रश्न : 'नोफॉलो' म्हणजे काय? परीक्षेला आहे. (विद्यार्थी, लातूर)

उत्तर : लिंकला लावायची चिठ्ठी : 'बोट दाखवलंय, पण शिफारस समजू नका.' प्रतिक्रियांमधून फुकट लिंका पेरणाऱ्यांचा सुळसुळाट झाला म्हणून 2005 मध्ये आली. 2019 मध्ये जाहिरातीच्या लिंकांसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी टाकलेल्यांसाठी 'यूजीसी' अशा आणखी दोन चिठ्ठ्या आल्या, आणि तेव्हापासून गूगल या चिठ्ठ्यांना हुकूम न मानता इशारा मानतं. दोन मार्कांना एवढं पुरे.

प्रश्न : ताई, तुम्ही लोकांना शहाणपण शिकवता. पण या मासिकाच्या साइटवर तुमच्या सदराची लिंक 'पुढे वाचा' अशीच आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पाहिलंय. संपादकांना तीनदा सांगितलं. म्हणाले, सदराचं नाव लांब आहे, बटणात मावत नाही.