मंडईचे पाहुणे

प्रिय सई,

"आई, तुमच्या गावात सणाला कोणीच एकटं नसायचं ना?" असं तू विचारलंस. आणि पाठोपाठ हेही, की खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना 25 डिसेंबरला जेवायला वर बोलावू का. त्यांचा मुलगा यंदा येत नाही, आणि महागड्या तिकिटापायी तूही कॅनडात, एडमंटनलाच राहतेयस. फोनवर घाईत बोलण्यापेक्षा लिहिते.

एकटी माणसं होती गं. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या आमच्या गावात काकी होती, सगळ्या गावाचीच काकी. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. दिवाळी तिला जडच जायची. ओवाळायला भाऊ नाही, आणि विधवेला हळदीकुंकवाला कोण बोलावतं? शेजारच्या बाया करंज्या-अनारशांचं ताट पाठवत. ते पोचवायला मीच जायचे, म्हणून सांगते, ते आयतं ताट घेताना तिचा चेहरा उतरायचा. "ठेव तिथं" म्हणायची आणि दार लोटून घ्यायची.

भाऊबीज सरली की मात्र मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा. तू कधी पाहिली नाहीस. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे आमची झाडीपट्टी, तिथे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. गावागावाचा दिवस वेगळा, म्हणजे आज आम्ही तुमच्याकडे, परवा तुम्ही आमच्याकडे. हलका धान कापून झालेला असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात. दिवसा दंडार (नाच-गाण्यांचं लोकनाट्य), शिंगाड्यांचे ढीग, पानठेले, फुगेवाले. रात्री शामियान्यात नाटक, गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपनीचं, पार उजाडेपर्यंत. (याच झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मध्यरात्र आहे हे विसरून तुझ्या मामाने मला फोन करून उठवलं होतं.)

आता नाटकाला आलेले पाहुणे जेवणार कुठे, निजणार कुठे? आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. मग तुझे आजोबा काकीच्या ओसरीवर जाऊन म्हणत, "काकी, पाच-सहा पाव्हणे तुमच्या घरी ठेवतो जी." आणि काकीची गडबड उडे. सडा-सारवण, तांदूळ निवडणं, शेजारून मोठा गंज (पातेलं) मागून आणणं. कोंबड्याचा रस्सा ती असा करायची की पाहुणे नाटकाला उशिरा पोचत. वर त्यांनाच दटावणार, "भात कमी काहून घेतला?" पुढच्या वर्षी तेच लोक थेट तिच्याकडे उतरले, आमच्याकडे नुसता रामराम करून गेले. तुझी आजी त्यावरून चांगली दोन दिवस फणफणत होती.

मंडईने काकीचा एकटेपणा संपला असं मी म्हणणार नाही. पाहुणे गेले की घर पुन्हा रिकामं, आणि वर्ष तर मोठं असतं. पण त्या पाहुण्यांच्या घरच्या लग्नपत्रिका तिला येऊ लागल्या, त्यावर तिचं नाव असायचं, आणि ती जायचीही.

म्हणून बाईंना वर बोलावू नकोस. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना आपलं कोणावर ओझं होईल याची फार धास्ती असते, त्या हसून "मी मजेत आहे" म्हणतील आणि विषय संपेल. तूच खाली जा, आणि मागायला जा. तुझ्याकडे ओव्हन नाही, त्यांच्याकडे आहे. तुझ्या वर्गातल्या ज्या दोघी घरी जाऊ शकल्या नाहीत, त्यांनाही त्यांच्याच टेबलावर बसवता येईल का, असं सरळ विचार. मुलगा लहान असताना त्या दिवशी काय रांधायच्या तेही विचार, तेच करा. भाज्या तुम्ही चिरा, बाकी त्यांना हुकूम सोडू दे. नको म्हणाल्या तर गळ घालू नकोस, 31 तारखेला पुन्हा विचार.

आणि 25 ला बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा सामान 24 च्या दुपारपर्यंत आणून ठेव. यादी त्यांच्याकडूनच लिहून घे.

तुझी,
आई