रेक्सला वाचवण्याआधी

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'मास इफेक्ट' हा अंतराळातला व्हिडिओ गेम पुन्हा सुरू केलास, तिन्ही भाग सलग खेळायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. शाळेत असताना जे साथीदार गमावलेस त्यांतला एकही या वेळी जाऊ द्यायचा नाही, म्हणून 'सगळे जिवंत राहतील' अशा निर्णयांची यादी शेजारी उघडून बसली आहेस. त्यामागची माया मला कळते. तरीही सांगतो, ती यादी बंद कर.

का, ते माझ्याच अनुभवातून सांगतो. २००७ मध्ये पहिला भाग आला तेव्हा मी यानावर थांबायचोच नाही. मिशन संपलं की लगेच पुढचा ग्रह. नॉर्मंडीच्या तळमजल्यावर माको गाडीजवळ रेक्स हा क्रोगन जमातीचा परग्रहवासी साथीदार उभा असायचा. त्याच्याशी मी जेमतेम दोनदा बोललो असेन. मग व्हर्मायर ग्रह आला. खलनायक सॅरनच्या तळावर क्रोगनांची संतती खुंटवणाऱ्या जेनोफेज रोगावरचा इलाज तयार होतोय आणि आपण तो तळच उडवणार आहोत, हे कळल्यावर रेक्स पाण्याच्या कडेला बंदूक घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याची समजूत घालण्याइतकं संवादकौशल्य माझ्या शेपर्डकडे, म्हणजे आपण चालवतो त्या नायकाकडे, नव्हतं. मी सगळे पॉइंट शस्त्रांवर घातले होते. ॲशली या साथीदारणीने त्याला गोळी घातली.

पुढे कळलं, की दुसरीही वाट होती. रेक्सशी निवांत बोलत राहिलं की त्याच्या घराण्याच्या चिलखताचा विषय निघतो. ते मिळवून दिलं की व्हर्मायरवर तो ऐकून घेतो. म्हणजे त्याला वाचवणारी गोष्ट होती ती तळमजल्यावरच्या गप्पांत. तुझी यादी मात्र थेट चिलखताकडे पाठवते. तू बटण दाबत त्याचं बोलणं पुढे ढकलशील, चिलखत आणशील, रेक्स वाचेल. पण तो तुझं का ऐकतो, हे तुला कळलेलंच नसेल.

डायलॉग व्हीलचं, म्हणजे उत्तर निवडायच्या चक्राचंही तेच. उजवीकडे वर सौम्य उत्तर, खाली कठोर. २०१० च्या दुसऱ्या भागात मन वळवणारी निळी-लाल वाक्यं आपण जमवलेल्या गुणांवर उघडतात, म्हणून पहिल्यांदा खेळताना आपण सगळेच एक बाजू धरून ठेवतो. समोरचा काय म्हणतोय हे ऐकण्याआधी अंगठा वर गेलेला असतो. या खेपेला डावीकडच्या 'इन्व्हेस्टिगेट'वर वेळ घालव. सलेरियन शास्त्रज्ञ साथीदार मॉर्डिनच्या प्रयोगशाळेत तर नक्कीच. सलेरियन या परग्रही जमातीनेच क्रोगनांना रॅकनाय या कीटकांसारख्या जमातीविरुद्धच्या युद्धासाठी पुढे आणलं. पुढे क्रोगन आवरेनासे झाले तेव्हा सलेरियनांनीच जेनोफेज बनवला आणि ट्युरियन या आणखी एका जमातीने तो सोडला. हजार गर्भांमागे एखादंच मूल जगावं, असा तो रोग. क्रोगन त्यावर मात करू लागले तेव्हा तो पुन्हा परिणामकारक करणाऱ्यांत मॉर्डिन होता. तो आपल्या कामाचं समर्थन आकडेमोडीने करतो, आणि मग क्रोगनांच्या टुचांका ग्रहावर एका मृत क्रोगन स्त्रीसमोर थांबतो. शाळकरी वयात मला तो गमतीदार, भरभर बोलणारा डॉक्टर वाटला असता. आज त्याच्या बोलण्यात मला अपराधाचं ओझं आधी ऐकू येतं. तुलाही येईल असं वाटतं.

आता यादीबद्दलचा माझा खरा आक्षेप. माझ्या पहिल्या खेळात रेक्स मेलेला होता, आणि दुसऱ्या भागात मॉर्डिनच्या शिष्याचं, मेलनचं, संशोधन मी नष्ट केलं होतं. निर्दयी प्रयोगांतून मिळालेली माहिती ठेवायचीच कशाला, असं तेव्हा वाटलं. २०१२ मध्ये तिसरा भाग खेळताना दोन्हींचा हिशेब समोर आला. क्रोगनांचा नेता म्हणून रेक्सचा भाऊ रीव्ह उभा होता, सूड उघड बोलून दाखवणारा. त्याला आवर घालू शकली असती ती क्रोगन स्त्री ईव्ह, पण ते संशोधन नसल्यामुळे ती वाचली नाही. अशा हातांत मी क्रोगनांचं भविष्य देणार होतो. टुचांकावर इलाज पसरवायला मॉर्डिनला एका मनोऱ्यावर जायचं होतं, मी त्याला परावृत्त केलं, म्हणून इलाज पसरलाच नाही. तो जगला. रीव्हला आपण फसवले गेलो हे कधीच कळलं नाही. इतकी वर्षं झाली, ते बरोबर केलं का याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

२०२१ मध्ये तिन्ही भागांची सुधारित लेजेंडरी एडिशन आली आणि मीही तुझ्यासारखाच यादी घेऊन बसलो. रेक्स गादीवर, ईव्ह जिवंत, संशोधन सुरक्षित. टुचांकावर माझा हात क्षणभरही अडखळला नाही. मॉर्डिन वर गेला, मनोरा कोसळला, मी रडलो. पण माझ्यापुढे प्रश्नच उरला नव्हता. आणि बघ, मॉर्डिन जिवंत राहू शकतो तो फक्त त्या बिघडलेल्या वाटेवर, जिथे रेक्स आणि ईव्ह दोघंही उरलेले नाहीत. 'सगळे जिवंत' अशी वाट या खेळात मुळात नाहीच.

बाकी किरकोळ. पहिला भाग संथ वाटतोय म्हणालीस, तो संथ आहेच. माको आता पूर्वीपेक्षा बरी चालते, सिटाडेल या अंतराळस्थानकातल्या लिफ्टचा प्रवासही बटण दाबून टाळता येतो. पण टाळू नकोस, सोबतचे साथीदार तिथेच एकमेकांशी बोलतात. मागच्या वेळी मार्क मीर यांच्या आवाजातला शेपर्ड घेतला होतास ना? आता जेनिफर हेल यांच्या आवाजातली घे. वाक्यं बहुतेक तीच असतात, पण व्हर्मायरवरचा प्रसंग वेगळाच ऐकू येतो. शेवटाबद्दल विचारलंस: २०१२ च्या जूनमध्ये आलेल्या मोफत 'एक्स्टेंडेड कट' या वाढीव शेवटाने तो बराच सावरला. मला मात्र टुचांका त्या शेवटापेक्षा मोठा वाटतो.

आधीच्या सेव्हला हात लावू नकोस. नवीन सुरू कर, आणि एखादा साथीदार गेला तर लगेच मागचा सेव्ह लोड करू नकोस. निदान एक दिवस तसाच राहू दे.

दुसऱ्या भागात टुचांकाला पोचलीस की मला कळव, गादीवर कोण बसलंय.

तुझा,
जुना सहप्रवासी