बदली संगीत शिक्षक म्हणून जाताय?

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारा: आधीच्या बाईंनी मुलांना कोणत्या पट्टीत बसवलंय आणि पेटीच्या कोणत्या पट्ट्या अडकतात. पुरुष शिक्षक स्वतःच्या काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) गाऊन घेतात आणि तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, पोरं गात नाहीत, किंचाळतात. त्यापेक्षा काळी चार किंवा पाच धरून बघा. 35 मिनिटांच्या तासिकेत नवं कडवं एकच. उरलेला वेळ टाळीवर केरवा ताल, आठ मात्रा मोजत. दंगा आपोआप निवतो. (तबला पहिल्या आठवड्यात कपाटातच बरा!)

तासिका तत्त्वावर सुट्ट्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत, म्हणून दर आणि अनुभव प्रमाणपत्राचं आधीच लेखी घ्या. पुढे शाळा की खासगी शिकवणी हे ठरेपर्यंत गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘विशारद’ ही संगीत परीक्षा मात्र अर्धवट सोडू नका. दोन्हीकडे ती उपयोगी पडते.