चिंगी ओरडायलीय, घर सोडायची वेळ आलीय

प्रश्न : काका नमस्कार. आमचं घर अशोक चौकाच्या मागं, खाली टॉवेलच्या मागांचा कारखाना आणि वर आम्ही. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी सन कोन्यूर (पिवळा-केशरी परदेशी पोपट) आणला, चिंगी नाव ठेवलंय. पहिलं वर्ष लई गुणी होती, आता सकाळी उठल्यापासून मी किचनमध्ये गेले की ओरडायलीय, फोनवर बोलायला लागले की ओरडायलीय. मुलगा बारावीला, सासूबाईंना बीपी, समोरच्या काकू दोनदा येऊन सांगून गेल्या. मिस्टर चिडून पिंजऱ्यावर हात आपटतात, मी कापड टाकते, पाण्याचा फवारा पण मारून बघितला, पाच मिनिटं गप बसते की परत चालू. सगळे म्हणतात देऊन टाक. मला देववत नाही. काहीतरी सांगा.
— एक वाचक ताई, सोलापूर

उत्तर : ताई, देववत नाही हे वाचलं आणि फार बरं वाटलं, कारण हा पक्षी नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं जगतो आणि तेवढ्या आयुष्यात चार घरं बदलून आलेले कोन्यूर मी बघितलेत, छातीची पिसं स्वतःच्या चोचीनं उपटून टाकलेले. त्यामुळे आधी चिंगी तुमच्याकडेच राहणार हे घरात सगळ्यांना सांगून टाका, मग पुढचं बोलू.

ही जात मूळची दक्षिण अमेरिकेतली, गयाना आणि उत्तर ब्राझीलकडची, तिथं थव्यानं राहते. थव्यातला एक पक्षी झाडाआड गेला की बाकीचे मोठ्यानं हाक मारतात, तो उत्तर देतो, की सगळे निवांत. चिंगीचा थवा म्हणजे तुम्ही. तुम्ही किचनमध्ये गेलात, दिसेनाशा झालात, ती हाक मारते. तुम्ही बोलत नाही, ती आणखी मोठ्यानं मारते. मग कुणीतरी धावत येतं, हात आपटतं, ओरडतं, कापड टाकतं. आपल्याला वाटतं आपण रागवलो, तिला कळतं ते एवढंच की बारीक आवाजाला कुणी येत नाही, किंचाळलं की सगळं घर येतं. हे तिला आपणच शिकवलंय बघा.

म्हणून हात आपटणं आजपासून बंद. फवारा पण बंद, नाहीतर उद्या सोलापूरच्या मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला तिला गार करायला पाणी शिंपडाल तर ती घाबरून कोपऱ्यात जाईल. कापड फक्त रात्री झोपताना.

आता करायचं काय. ती ओरडायच्या आधी बारीक काहीतरी आवाज काढते का ते ऐका, चुटचुट, कुरकुर, एखादी शीळ. तो आवाज आला की लगेच, अगदी पोळी तव्यावर असली तरी, किचनमधून शीळ घाला किंवा "चिंगे, आहे गं इथंच" म्हणा. रोज तीच शीळ, तेच वाक्य, घरातल्या सगळ्यांनी. हळूहळू ती त्याच आवाजात हाक मारायला शिकते कारण त्याला हमखास उत्तर मिळतं. आणि किंचाळली तर? बघायचं नाही, बोलायचं नाही, जायचं नाही. दहा सेकंद गप बसली की लगेच जा, डाळिंबाचा एक दाणा द्या, गोड बोला. पुढे दहाचे वीस करा, मग मिनिट.

इथं एक गोष्ट मनाची तयारी करून ठेवा. पहिले आठ-दहा दिवस ओरडणं वाढणार. जे इतके दिवस चालत होतं ते आता का चालत नाही म्हणून ती आणखी जोर लावते. नेमकं तेव्हाच कुणीतरी वैतागून धावत जातं आणि तिला कळतं की एवढं ओरडलं की मिळतं, म्हणजे आधीपेक्षा वाईट. समोरच्या काकूंना आधीच जाऊन सांगा की महिनाभर त्रास होईल, असं असं करतोय. सोबत शेंगाचटणीची वाटी न्या, माणसं ऐकतात.

आमच्याकडे कॉकटिल (तुरेवाला छोटा परदेशी पोपट) होता, तो रोज दुपारी एकदम शिट्ट्यांचा कहर करायचा, का ते कळेना. शेवटी कॅलेंडरच्या मागं वेळ लिहायला लागलो, तो किती वाजता ओरडला आणि त्याच्या आधी घरात काय झालं. आठवडाभरानं लक्षात आलं, कुकरची तिसरी शिट्टी झाली की दोन मिनिटांत हा सुरू. कारण शिट्टीनंतर सगळे हॉलमध्ये जेवायला बसायचे आणि याचा पिंजरा मागच्या बाल्कनीत, याला भांड्यांचा आवाज ऐकू येतोय पण माणूस एक दिसत नाही. पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात आणला, आम्ही बसलो की त्याला पण भाकरीचा तुकडा, तीन आठवड्यात दुपारचा कहर बंद झाला. तुम्ही पण असं लिहून काढा, खाली माग कधी सुरू होतात ते सुद्धा लिहा. भोवती आवाज वाढला की पक्षी आपला आवाज चढवतात, खटक-खटक चालू असताना ती जास्त ओरडते आणि लाइट गेली, माग थांबले की गप होते असं दिसलं तर पिंजरा मागांच्या आवाजापासून लांबच्या खोलीत हलवा.

दुसरं, तिला दिवसभर उद्योग काय आहे? रानात पक्ष्याचा बराच वेळ खाणं शोधण्यात जातो, आपण वाटीत सूर्यफुलाच्या बिया भरून देतो, दहा मिनिटात जेवण संपलं, मग उरलेला दिवस ओरडायला मोकळा. (नुसत्या सूर्यफुलाच्या बिया तशाही नकोत, फार चरबी असते.) आपल्याकडे तर सोन्यासारखी सोय आहे, मंगळवेढ्याकडचं कुणी ओळखीचं असेल तर फवारणी न केलेली ज्वारीची अख्खी कणसं मागवा, एक कणीस पिंजऱ्यात आडवं बांधा. ती एका पायानं दांडीला धरून दुसऱ्या पायानं कणीस ओढते, एकेक दाणा चोचीत फिरवून साल खाली टाकते, तास दीड तास आवाज नाही. हिरवी मिरची पण द्या, पक्ष्यांना तिखट लागत नाही, बिया शोधत बसते. मक्याच्या कणसाच्या सालीत दाणे गुंडाळून द्या. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा अजिबात नाही, आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या धुरानं पक्षी मिनिटात जातो, तो तवा तुमच्या घरात नकोच.

झोप दहा-बारा तास, अंधारात. मुलगा रात्री एकपर्यंत लाइट लावून अभ्यास करतो आणि पिंजरा त्याच खोलीत, असं असेल तर ती चिडचिडी होणारच. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात दारूकामाच्या आवाजानं दचकते, तेव्हा मात्र मंद दिवा ठेवा, अंधारात धडपडून पंख मोडतात.

सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला पंधरा-वीस मिनिटं ती बोलणारच, ते सहन करायचं, तो तिचा स्वभाव आहे. पण अचानक बदल झाला, फुगून बसली, शेपटी श्वासाबरोबर वर-खाली हलायला लागली, विष्ठा पातळ झाली किंवा खाणं सोडलं, तर त्याच दिवशी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. पक्षी आजार लपवतात, आपल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

अजून एक, साईट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या यादीतले परदेशी पक्षी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात, सन कोन्यूर त्यात येतो. केली नसेल तर करून घ्या.

प्रश्न : वरच्यासारखाच त्रास नको म्हणून गावाकडून साधा हिरवा पोपट आणायचा विचार आहे, तो कमी ओरडतो ना?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : दादा, नका आणू. ओरडण्याचं तर सोडाच, आपले देशी पोपट पाळायला आणि विकायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. ढोलीतून काढलेली बरीच पिल्लं वाटेतच मरतात, हे विकणारा सांगत नाही. बाजारात कुणी विकताना दिसला किंवा जखमी पोपट सापडला तर वनखात्याच्या १९२६ ला फोन करा. पोपट बघायचे असतील तर गच्चीवर कणीस बांधा आणि दोन दिवस लांब राहा, येतात.