मुंबईतल्या सेंट झेवियर्स हायस्कूलची सुरुवात कशी झाली आणि ती फक्त मुलांचीच शाळा का होती?

आपले आजोबा 1940 च्या दशकात ठाण्याहून आगगाडीने बोरीबंदरला उतरून धोबीतलावच्या सेंट झेवियर्स हायस्कुलात जात, असे आपण लिहिले आहे. ही शाळा कोणी व कशासाठी काढली, तिथे फक्त मुलगेच का होते आणि एका हिंदू मुलाला तिथे प्रवेश कसा मिळाला, हे आपले प्रश्न आहेत. मी ठाण्याचाच असून माझे शालेय शिक्षणही इथल्याच एका कॅथलिक शाळेत झाले आहे. या शाळांचा इतिहास केवळ धर्मप्रसाराचा म्हणून सांगितला जातो तेव्हा मला तो अपुरा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शाळेची स्थापना 1869 सालची. ती समजण्यासाठी आधीची पंधरा वर्षे पाहावी लागतात. 1854 च्या वुडच्या खलित्याने (भारतातील शिक्षणाविषयीच्या ब्रिटिश सरकारच्या धोरणपत्राने) खासगी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग मोकळा केला आणि 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे मॅट्रिक ही शाळेच्या शेवटी होणारी प्रवेशपरीक्षा नोकरीचे आणि पुढील शिक्षणाचे दार ठरली. शहरातल्या कॅथलिक मुलांना त्या दारापर्यंत नेईल अशा शाळा मोजक्याच होत्या. याच सुमारास मुंबईच्या कॅथलिक मिशनचा कारभार जर्मन जेझुइट, म्हणजे ‘सोसायटी ऑफ जीझस’ या कॅथलिक संघाच्या, धर्मगुरूंकडे आला. शिक्षण हे त्यांच्या संघाचे शतकानुशतकांचे काम असल्याने त्यांनी सर्वाधिक भर शाळांवर दिला. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस 1863 मध्ये मुलांचे अनाथालय म्हणून सुरू झाले, माझगावची सेंट मेरीज 1864 मध्ये उभी राहिली आणि 1869 मध्ये सेंट झेवियर्सचे हायस्कूल व कॉलेज निघाले. ज्यांचे नाव शाळेला दिले ते संत फ्रान्सिस झेवियर हेही जेझुइटच होते आणि सोळाव्या शतकात वसईला येऊन गेले होते.

इथे ठाण्याची एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. ठाण्याचे ख्रिस्ती मुंबईच्या मिशनपेक्षा कितीतरी जुने आहेत. मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचा इतिहास पोर्तुगीज काळात जातो, आणि त्याही आधी, 1321 मध्ये, फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार साधू ठाण्यात मारले गेल्याची नोंद युरोपीय प्रवाशांनी केली आहे. तरीही एकोणिसाव्या शतकात साष्टीतली, म्हणजे ठाणे ज्यावर आहे त्या बेटावरची, बहुतेक चर्चे पोर्तुगीज धर्मसत्तेच्या अधिकाराखाली होती, तर जेझुइट थेट रोमने नेमलेल्या सत्तेखाली काम करीत होते. 1886 पासून साष्टीची ही चर्चे दमणच्या धर्मप्रांतात मोडू लागली आणि हा दुहेरी कारभार 1928 मध्ये संपला. म्हणजे त्यापूर्वी ठाण्याचा एखादा ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या मराठी कॅथलिक समाजातला) मुलगा झेवियर्समध्ये शिकत असला, तर त्याच्या चर्चचा बिशप एक आणि त्याच्या शाळेवर देखरेख करणारा दुसरा, अशी स्थिती होती. घरी मराठी बोलणारा हा मुलगा शाळेत इंग्रजीतून शिके. या मुलांविषयी फार कमी लिहिले गेले आहे, याची मला खंत वाटते.

फक्त मुलगेच का, याचे उत्तर त्या काळच्या व्यवस्थेत आहे. जेझुइट हा पुरुषांचा संघ असून मुलांना शिकवणे हे त्यांचे काम, तर मुलींच्या शाळा जोगिणींचे (नन्सचे) संघ चालवीत. त्या शाळांनाच आपण कॉन्व्हेंट म्हणतो. शिवाय मुंबई विद्यापीठाच्या पदव्या स्त्रियांना 1883 पर्यंत खुल्या नव्हत्या. त्यामुळे मॅट्रिकसाठी तयारी करून घेणारे हायस्कूल म्हणजे मुलांचेच, हे तेव्हा गृहीत होते.

प्रवेशाचे म्हणाल तर या शाळा आरंभापासून इतर धर्मीयांना खुल्या होत्या. फी देणारी हिंदू, पारशी, मुसलमान कुटुंबे चांगल्या इंग्रजीसाठी मुले पाठवीत, आणि त्या फीच्या आधारे गरीब कॅथलिक मुलांचे शिक्षणही चालू शके. आमच्या शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाची घंटा झाली की वर्ग दुभंगत असे. कॅथलिक मुले कॅटेकिझमची (ख्रिस्ती धर्मशिकवणीची) पुस्तके घेऊन शेजारच्या खोलीत जात आणि आम्ही उरलेले मॉरल सायन्सच्या तासाला तिथेच बसत असू. तास संपला की पुन्हा त्याच बाकांवर दाटीवाटी होई. एवढ्या वर्षांत मला कोणी धर्म बदलण्याविषयी एक शब्द बोलले नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना स्थानबद्ध करून नंतर मायदेशी पाठवण्यात आले. शिक्षकवर्गाचा कणाच गेल्यासारखे झाले. 1920 च्या दशकात स्पॅनिश जेझुइट आले. कॉलेजात इतिहास शिकवणारे फादर हेरास हे त्यांपैकीच, ते 1922 मध्ये आले. आपल्या आजोबांच्या वेळी शाळेत दिसणारे युरोपीय फादर बहुधा स्पॅनिश असावेत. याच शाळेचे पुढचे नामवंत विद्यार्थी सुनील गावसकर.

आजोबांची नोंद शोधायची असेल तर शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टरमधील उताऱ्यासाठी लेखी अर्ज करावा आणि त्यात संपूर्ण नाव व प्रवेशाचे अंदाजे वर्ष द्यावे. घरी शाळा सोडल्याचा दाखला असेल तर त्यावरचा रजिस्टर क्रमांक सर्वात उपयोगी पडतो, आणि पूर्वीच्या शाळेचा रकाना पाहिल्यास ते ठाण्यातल्या कोणत्या शाळेतून तिथे गेले हेही कळेल. परीक्षेची नोंद मात्र एस.एस.सी. बोर्डाकडे शोधू नये. ती परीक्षा 1949 पासूनची आहे. त्याआधीची मॅट्रिक मुंबई विद्यापीठ घेत असे.