कुठल्या पानावर?

प्रिय मुली,

तुझा तो लांबलचक मेसेज नातवाकडून मोठ्या अक्षरात छापून घेतला आणि दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग आला. म्हणून चार दिवस जाऊ दिले.

वाचन मंडळात हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीवर चर्चा झाली. तू म्हणालीस, तिच्यातल्या यमूचा, त्या विधवा झालेल्या नायिकेचा, मला वैताग येतो. सारखी सोसते, सारखी रडते, करत काहीच नाही. त्यावर गावभागातल्या त्या मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ‘पोरी, तुला नाही कळायचं’ म्हणून त्या गप्प झाल्या. मागं बसलेला मुलगा म्हणाला, हे पुण्याच्या चार वाड्यांतलं दुःख. आमच्या पणजीचा नवरा गेला तेव्हा वर्षाच्या आत तिचा पाट लावला, ही यमू आमची कोण लागते? मग एका निवृत्त गृहस्थांनी हरिभाऊ आपटे आणि वास्तववाद यांवर दहा मिनिटं घेतली. टाळ्या अर्थातच त्यांना. आणि कोल्हापूरला परत गेल्यावर तू मला विचारतेस, सर, यातलं बरोबर कुणाचं? निबंधात काय लिहू?

राग आला तो या शेवटच्या दोन वाक्यांचा. तुला वैताग आला याचं मला काही वाटत नाही. पण तीन पानांच्या मजकुरात एकदाही तू सांगितलं नाहीस की वैताग आला तो कुठल्या पानावर. आवृत्त्या वेगळ्या असतील, आकडा जुळणार नाही, ते जाऊ दे. जागा सांग. माहेरचं वाचताना आला? तिच्या मैत्रिणीचे, दुर्गीचे हाल वाचताना? मुंबईतला संसार वाचताना तर आला नसणार, तिथं यमू चक्क सुखात आहे, नवऱ्यापाशी, रघुनाथरावांपाशी बसून वाचायला शिकलेली बाई आहे ती. मग सासरचे ते छळणारे शंकरमामंजी पुढं आल्यावर आला का? आणि आला तो यमूचा की शंकरमामंजींचा? माणूस ज्याच्यावर चिडायचं त्याच्यावर चिडत नाही, जवळ असेल त्याच्यावर चिडतो. तुझी आई तुझ्या बाबांचा राग कुणावर काढते, बघ जरा. पान सापडलं की कळेल.

बरं, कादंबरी तू वाचलीस किती दिवसांत? तूच लिहिलंयस, तीन दिवसांत. ‘करमणूक’ साप्ताहिक निघालं १८९० मध्ये, आणि यमूची कहाणी त्यात १८९३ पर्यंत येत होती. (करमणूक! या गोष्टीला नाव काय मिळालं बघ.) तीन वर्षं आठवड्याच्या हिशेबानं जे लोकांनी वाचलं, ते तू तीन दिवसांत गटागटा प्यायलीस आणि म्हणतेस कडू लागलं. त्या वाचकाला पुढच्या अंकात काय आहे ते ठाऊक नव्हतं. कहाणी चालू असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहाचं बारा केलं, एवढंच. पण त्या दोन वर्षांवरून पुण्यात घराघरांत भांडणं. सकाळी ते भांडण आणि दुपारी यमू, असं वाचणाऱ्याला ती ‘काहीच करत नाही’ असं वाटलं असेल का? मला वाटतं, तिनं लवकर काही करू नये अशीच निम्म्या घरांची इच्छा असेल.

‘पण ती लिहिते ना, लिहिणं हीच तिची कृती’ असं उत्तर तुला कुणीही देईल. मीही वर्गात वर्षानुवर्षं देत आलो. आता ते मला फार सोयीचं वाटतं. लिहिणारा होता सव्विशीतला एक पुरुष, बाईच्या तोंडून बोलणारा. यमूची भाषा जिथं बायकांच्या माजघरातली आहे आणि जिथं तिच्या तोंडून हरिभाऊच सुधारणेवर बोलायला लागतात, त्या दोन जागा वेगळ्या काढ. कदाचित तुझा वैताग दुसऱ्या जागेचा असेल. तसं निघालं तर बिनधास्त लिही, मी पाठीशी आहे. पण पान लागेल.

आणि नायिकेनं काहीतरी करायलाच हवं, हा हट्ट कुठून आला गं? करणारी यमुना मराठीत आधीच होऊन गेली. बाबा पदमनजींची, ‘यमुनापर्यटन’ मधली, १८५७ सालची. विधवाविवाहाचा कायदा होऊन वर्ष झालं होतं. ती नवऱ्याबरोबर हिंडते, विधवांचे हाल बघते, स्वतः विधवा होते आणि शेवटी पुन्हा लग्न करते. केलं की नाही? मग तिच्यासाठी कुणी रडत का नाही, कुणी चिडत का नाही? आपल्या हरिपूरच्या देवलांची शारदा घे. १८९९ चं नाटक. ती सुटते, पण सुटते कशामुळं? म्हातारा नवरदेव सगोत्र निघाला म्हणून. शास्त्रानंच शास्त्राला अडवलं, आणि प्रेक्षक हायसं वाटून घरी गेले. हरिभाऊंनी यमूला असली पळवाट ठेवली नाही. तुला चीड आली असेल ती बहुधा त्याचीच. बहुधा म्हणतोय, कारण पान तू सांगितलेलं नाहीस.

आता माझं सांगतो. खरं तर हे सांगायचं नव्हतं.

आमच्या घरी आजोबांची बहीण होती, आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. लाल आलवण, डोईवर पदर, मागच्या सोप्यात तिची जागा. अक्षरओळख नव्हती. १९७४ मध्ये मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, अंगात सुधारक संचारलेला. टेंभूचे आगरकर कऱ्हाडचे, म्हणजे आपल्याच कृष्णाकाठचे, याचा कोण अभिमान! तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ही कादंबरी तिला वाचून दाखवायला घेतली. खोटं कशाला बोलू, तिनं रडावं अशी माझी इच्छा होती. केशवपनाचं प्रकरण मी अगदी आवाज कापरा करून वाचलं.

ती चिंचा फोडत होती. माझं वाचून झाल्यावर म्हणाली, ‘न्हावी कोण होता?’

मला कळेना. पानं उलटली.

‘त्याला काय दिलं?’ हा दुसरा प्रश्न. आणि मग स्वतःच, ‘आमच्याकडचा वर बघायचा नाही. जोंधळे घ्यायचा आणि जायचा.’ एवढं बोलून तिनं चिंचोके बाजूला सारले.

मी काय केलं असेल? काही नाही. पुढचं प्रकरण वाचायला घेतलं. कोण होता तो, दर किती दिवसांनी यायचा, ती तेव्हा किती वर्षांची होती, एक प्रश्न विचारला नाही. माझ्या डोक्यात ‘युगाचा अश्रू’ असा शब्द तयार होता. पुढं प्रबंधात तो मी वापरला, परीक्षकांना आवडला, नोकरी पक्की झाली. आत्याआजी त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेली.

मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांची डोकी भादरायला नकार दिला, संप केला, कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यामागं होते, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. साल बघ, १८९०. ‘करमणूक’ निघालं तेच. म्हणजे वस्तरा कुणाच्या हातात आणि त्याला ते करावंसं वाटतं का, हा प्रश्न त्या वेळी उघड्यावर आलेला होता, आणि आमच्या सोप्यातली निरक्षर म्हातारी तोच विचारत होती, आणि मी तिला अश्रू वाचून दाखवत होतो. तुझ्या मागच्या रांगेतल्या मुलाला हे सांग. त्याची पणजी यमू नव्हती, बरोबर आहे त्याचं. पण त्या वाड्यात बाहेरून येणारी, राबणारी माणसं कुठल्या पानावर दिसतात आणि कुठल्या पानावर दिसायला हवी होती, ते त्यालाच काढू दे. त्याचा निबंध तुझ्यापेक्षा चांगला होईल असा माझा अंदाज आहे. रागावू नकोस.

तू म्हणशील, सर, तुम्हीच तर पानापानाचा धोशा लावता, आणि आत्याआजीचे प्रश्न कुठल्या पानावर होते? नव्हतेच. म्हणूनच लावतो. तिनं बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं, आणि मी सबंध पुस्तकाबद्दल बोलायच्या घाईत होतो. पुढं मी कडक झालो, मोघम लिहिणाऱ्या पोरांचे गुण कापले, एकदा एका मुलीला भर वर्गात ‘तुझं मत मला नको, पान दे’ म्हणालो आणि ती रडली. चुकलो असेन. पण त्या वर्गातल्या तिघांनी तरी पुस्तकं शेवटपर्यंत वाचली, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. माझी स्वतःची प्रत, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराच्या पाण्यात गेली. गावभागात पाणी किती चढलं होतं तुला माहीत आहे. आठ दिवसांनी कुलूप काढलं तर पुस्तकांची एकच वीट झाली होती. नवी प्रत आणली, पण तिच्यात खुणा करायला हात धजत नाही.

त्या गृहस्थांचं वास्तववादाचं भाषण तू वहीत उतरवून घेतलंयस. फाडून टाक. तसली वाक्यं मी हातानं तयार केलेली आहेत, कारखाना मला ठाऊक आहे.

येत्या शनिवारी एसटीनं येशील तेव्हा थेट माझ्याकडं येऊ नकोस. आधी मावशींकडं जा. ‘तुला नाही कळायचं’ म्हणाल्या म्हणून तू फुगून बसलीस, पण त्यांना कुठं रडू आलं ते कुणीच विचारलं नाही. पुस्तक घेऊन जा, त्यांच्या हातात दे, आणि त्यांना जागा शोधू दे. चष्मा लागेल, वेळ लागेल, मध्ये चहा होईल. घाई करू नकोस आणि मध्येच स्वतःचं मत सांगू नकोस. त्या काही भलतंच विचारतील, तर तेवढं मात्र लगेच लिहून घे, जिन्यावर उभं राहून का होईना. मग रविवारी सकाळी इकडं ये. पेन्सिल मी टोक करून ठेवतो.

तुझे
सर
सांगली