ब्रायन बोलंड हा ब्रिटिश कॉमिक आर्टिस्ट ‘जज ड्रेड’ या कॉमिकच्या आधी काय करत होता? पहिल्यापासूनच इतकं भारी काढायचा का?

नाही, पहिल्यापासून नाही, आणि मला त्याच्या करिअरमधला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी जाहिरातींचे स्टोरीबोर्ड काढतो, रोजचं काम आहे, त्यामुळे डेडलाईनवर चित्र काढणं म्हणजे काय ते चांगलं माहितीये.

बोलंडचा जन्म १९५१ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायरमधलं बटरविक नावाचं गाव. शेतकऱ्याघरचा मुलगा. दहाएक वर्षांचा असताना अमेरिकन कॉमिक्स हातात पडली आणि तेव्हापासून तेच वेड. पुढे नॉर्विचच्या आर्ट स्कूलला ग्राफिक डिझाईन केलं, मग लंडनला सेंट्रल स्कूलमध्ये. कॉलेजात कॉमिक्स कोणी शिकवत नव्हतं. या पठ्ठ्याने तरी नील ॲडम्स या अमेरिकन कॉमिक आर्टिस्टवर पंधरा हजार शब्दांचा प्रबंध लिहिला! म्हणजे बघा, शिकवणारा कोणी नाही तर ज्याचं काम आवडतं त्याचीच पानं समोर ठेवून शिकायचं.

त्याच काळात लंडनच्या एका कॉमिक कन्व्हेन्शनमध्ये त्याची डेव्ह गिबन्सशी ओळख झाली. गिबन्स तेव्हा बिल्डिंग सर्व्हेयर होता, नोकरी करून कॉमिक्सचा नाद सांभाळणारा. पुढे दोघंही बार्डन प्रेस फीचर्स या एजन्सीतर्फे काम करायला लागले आणि १९७५ च्या सुमारास त्यांना ‘पॉवरमॅन’ मिळालं.

आता हे पॉवरमॅन काय प्रकरण, तर नायजेरियात विकायला काढलेलं सुपरहिरो कॉमिक, हिरो आफ्रिकन, आणि चित्रं काढणारे लंडनमध्ये बसलेले दोन तरुण, एक अंक गिबन्सने काढायचा की पुढचा बोलंडने. तिथल्या वाचकांना कॉमिक्स वाचायची सवय नसणार असं प्रकाशकांनी धरलेलं, म्हणून प्रत्येक चौकटीला नंबर टाकलेला असायचा, आधी कुठली वाचायची नंतर कुठली ते कळावं म्हणून. मांडणी एकदम साधी, सरळ चौकटी. बारीक कलाकुसर करायला वेळच नाही, अंक वेळेवर गेलाच पाहिजे. आणि इंग्लंडात हे कोणी बघतच नव्हतं, त्यामुळे वाहवा वगैरेचा प्रश्नच नाही.

माझ्या मते बोलंड घडला तो इथे. दोन वर्षं पानामागून पान पेन्सिलने काढायचं, शाई करायची, माणूस धावतोय, पडतोय, कोणाला उचलून फेकतोय, हे सगळं साध्या चौकटीत वाचणाऱ्याला लगेच कळेल असं मांडायचं. आपण लोक त्याची ती सुबक रेघ बघतो आणि त्यावरच फिदा होतो, पण त्या रेघेखाली जो सांगाडा आहे ना तो पॉवरमॅनचा आहे.

मग फेब्रुवारी १९७७ मध्ये ‘२००० एडी’ हे ब्रिटिश कॉमिक साप्ताहिक सुरू झालं. गिबन्स पहिल्याच अंकापासून होता, ‘हार्लेम हीरोज’ काढत होता. बोलंड आधी कव्हर्स करायला लागला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी जज ड्रेड या भविष्यातल्या पोलिसाच्या गोष्टी काढू लागला. साप्ताहिक म्हणजे कागद स्वस्त, बहुतेक पानं काळीपांढरी, आणि हा माणूस हाताने हळू, त्यामुळे ड्रेडच्या लांबलचक कथा त्याला एकट्याला झेपायच्या नाहीत. १९७८ ची ड्रेडची ‘कर्स्ड अर्थ’ ही कथा बघा, बहुतेक भाग माईक मॅकमहनचे, मधेच काही बोलंडचे. पण जे काढलं ते असं की लोक अजून जपून ठेवतात.

१९८१ च्या ‘जज डेथ लिव्ह्ज’ या ड्रेडच्या कथेतली एक चौकट तर मी कितीतरी वेळा कॉपी करून बघितलीये. जज फिअर हा खलनायक आपल्या शिरस्त्राणाची झडप उघडून ड्रेडला स्वतःचा चेहरा दाखवतो, जो बघून भलेभले घाबरून मरतात, आणि ड्रेड सरळ ठोसा हाणतो, मूठ शिरस्त्राणातून आरपार मागे बाहेर. हात कुठून आला, किती जोरात गेला, काहीच सांगावं लागत नाही. कॉपी करताना कळतं की आधी ते सगळं वजन एका दिशेला ढकललंय, आणि तपशील त्याच्यानंतर भरलेत. मला अजून तसं जमत नाही.

यानंतर डीसी या अमेरिकन कॉमिक कंपनीने त्याला ‘कॅमेलॉट ३०००’ दिलं, बारा अंकांचं, १९८२ ला सुरू झालं. तिथेही हात हळूच, शेवटचा अंक आधीच्या अंकानंतर नऊ महिन्यांनी आला. बॅटमनचं ‘किलिंग जोक’ १९८८ चं, ते तर बहुतेकांनी बघितलेलं असतंच.

पॉवरमॅनची पानं १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘पॉवर कॉमिक्स’ म्हणून पुन्हा छापली गेली, हिरोचं नाव मात्र बदलून पॉवरबोल्ट केलं. कुठे जुना अंक हाताला लागला तर घ्या आणि शेजारी ड्रेडचं एखादं पान ठेवून बघा, फरक किती आणि सारखेपणा किती ते डोळ्यांना दिसेल.